भूवैज्ञानिक कालपट कसा वाचावा

भूवैज्ञानिक कालपटाचा, म्हणजे पृथ्वीच्या इतिहासाच्या कालखंडांचा, तक्ता हातात आला की बहुतेक जण तो वरून खाली वाचायला लागतात. तो खालून वर वाचायचा. सगळ्यांत जुना काळ तळाशी, आजचा दिवस माथ्यावर. गाळाचे थर याच क्रमाने साचतात, म्हणून तक्ता असा मांडलेला आहे. निकोलस स्टेनोने १६६९ मध्ये हा नियम लिहून ठेवला: थर उलथेपालथे झाले नसतील तर खालचा आधीचा, वरचा नंतरचा. तक्ता म्हणजे एका कल्पित कड्याचं चित्र आहे. असा सलग कडा जगात कुठेही उभा नाही. ठिकठिकाणच्या कड्यांचे तुकडे एकमेकांशी जुळवून तो रचलेला आहे.

मी भूविज्ञान शिकवते, आणि वर्गात सुरुवातीलाच सांगते की आकडे पाठ करू नका. तक्त्यातल्या प्रत्येक आडव्या रेषेला तीन प्रश्न विचारा. ही रेषा कुठल्या खडकात आहे? तिथे नेमकं काय बदललं? आणि तिचं वय कशावरून काढलं? उत्तरं देता आली की तक्ता समजला म्हणायचं.

तक्ता समोर घेऊन

रकाने डावीकडून उजवीकडे, मोठ्या एककाकडून लहानाकडे जातात. सगळ्यांत मोठा इऑन, इऑनात महाकल्प, महाकल्पात कल्प, कल्पात युग आणि युगात एज. इऑन चारच आहेत: हेडियन, आर्कियन, प्रोटेरोझोइक आणि फॅनेरोझोइक. आपण एरवी ऐकतो ती जवळजवळ सगळी नावं या शेवटच्या इऑनातली. त्यात तीन महाकल्प येतात. पुराजीव महाकल्पात कँब्रियन, ऑर्डोव्हिसियन, सिल्युरियन, डेव्होनियन, कार्बॉनिफेरस आणि पर्मियन हे कल्प. मध्यजीवात ट्रायासिक, जुरासिक, क्रिटेशस. नवजीवात पॅलिओजीन, निओजीन आणि क्वाटर्नरी. जुन्या पुस्तकांत टर्शरी नावाचा कल्प सापडेल. अधिकृत तक्त्यात आता तो नाही, त्याच्या जागी पॅलिओजीन आणि निओजीन आहेत.

कल्प म्हणजे ठरावीक वर्षं नव्हेत. सिल्युरियन अडीच कोटी वर्षांच्या आसपास संपतो, क्रिटेशस आठ कोटींच्या जवळ जातो. वर्षं मोजून सारखे भाग पाडलेच नाहीत. खडकांत ठळक बदल दिसला तिथे रेषा आली, मग मधला काळ लहान निघो की मोठा.

आकडे दशलक्ष वर्षांत दिलेले असतात. त्यांना दहाने भागा की कोटी मिळतात. ६६.० म्हणजे ६ कोटी ६० लाख, ५३८.८ म्हणजे ५३ कोटी ८८ लाख. आकड्याशेजारचं अधिक-उणे चिन्ह वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. पर्मियन आणि ट्रायासिक यांच्यामधल्या रेषेवर २५१.९०२ ± ०.०२४ असं लिहिलेलं असतं. म्हणजे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीची रेषा आणि तिच्या मापनात चूक धरायची ती इकडे-तिकडे २४ हजार वर्षांची! हा आकडा फळ्यावर लिहिताना मला अजूनही थांबावंसं वाटतं. याउलट तक्त्याच्या अनेक आवृत्त्यांत जुरासिक-क्रिटेशस रेषेच्या आकड्याआधी लहरी रेघ असे. तिचा अर्थ 'सुमारे', आणि तो 'सुमारे' का, ते पुढे येईलच.

आता एक काम करा. पावणेपाच मीटर लांबीची कागदी पट्टी घ्या. एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख वर्षं असं प्रमाण धरा. मग गणित करावंच लागत नाही, कारण तक्त्यातला आकडा तोच मिलिमीटर. पट्टीच्या उजव्या टोकाला 'आज' लिहा आणि तिथून मागे मोजत जा. पृथ्वीची सुरुवात ४ मीटर ५६७ मिलिमीटरवर येते. आर्कियन संपतो अडीच मीटरवर. कँब्रियनची सुरुवात उजव्या टोकापासून जेमतेम ५४ सेंटिमीटरवर, म्हणजे जुरासिक, क्रिटेशस वगैरे सगळा गोतावळा या शेवटच्या अर्ध्या मीटरमध्ये कोंबलेला. पक्षी सोडून बाकीचे डायनासोर संपतात ६.६ सेंटिमीटरवर. क्वाटर्नरी अडीच मिलिमीटरचा. आणि आपण आज ज्या होलोसीन युगात आहोत, ते एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं. पेन्सिलीची रेघच त्याहून जाड पडते. पृथ्वीचा इतिहास चोवीस तासांच्या घड्याळात बसवून दाखवण्याची पद्धत मला फारशी आवडत नाही. ते घड्याळ ऐकून सोडून देता येतं, पट्टीवर मात्र स्वतः मोजावं लागतं.

खडकाचं नाव आणि काळाचं नाव

तक्त्यातल्या प्रत्येक एककाला दोन अंगं असतात: एक काळ, आणि त्या काळात तयार झालेला खडक. कल्प हा काळ झाला. त्या कल्पातल्या सगळ्या खडकांना मिळून 'सिस्टिम' म्हणतात. युगातल्या खडकांना 'सीरीज', एजमधल्यांना 'स्टेज'. काळाबद्दल बोलताना अर्ली आणि लेट, खडकाबद्दल बोलताना लोअर आणि अप्पर. डायनासोर लेट जुरासिकमध्ये जगला, त्याची हाडं अप्पर जुरासिक खडकात मिळाली. लिहिताना हा भेद पाळा. ऐंशी लाख वर्षांच्या काळातला एखाद्या ठिकाणी मीटरभरही खडक शिल्लक नसतो, आणि दुसरीकडे तेवढ्याच काळाचे शेकडो मीटर थर साचलेले असतात. काळ आणि खडक एकच समजलात तर जाडीवरून वर्षं मोजायचा मोह होतो, आणि हिशेब तिथेच फसतो.

खऱ्या कड्यासमोर

वय विचारायच्या आधी क्रम लावा. पहिल्यांदा वरची बाजू कुठली ते ठरवा, कारण घड्या पडताना थर पूर्ण उलटेही होतात. चिखल सुकून पडलेल्या भेगा दगडात जपल्या गेल्या असतील तर त्या वर रुंद आणि खाली निमुळत्या असतात. एकाच थरात दाणे खाली जाड आणि वर बारीक होत गेले असतील तर तेही वरच्या बाजूचं लक्षण. मग थर कापून गेलेलं काही आहे का ते शोधा. डाइक (भेगेत शिरून गोठलेला शिलारस) किंवा प्रस्तरभंग (खडक तुटून सरकल्याची भेग) ज्या थरांना कापतो, त्यांच्या नंतरचाच असतो.

मग बेपत्ता काळ शोधा. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या सिकर पॉइंटला जेम्स हटन १७८८ मध्ये होडीतून गेला. तिथे सिल्युरियन काळातले राखाडी थर जवळजवळ उभे आहेत, आणि त्यांच्या झिजलेल्या डोक्यांवर डेव्होनियनचा तांबडा वालुकाश्म तिरका पसरला आहे. दोघांच्या मधे हात ठेवायलाही फट नाही, पण तेवढ्या जागेत काही कोटी वर्षं गेली: आधी गाळ साचला, त्याचा दगड झाला, तो वाकून उभा राहिला, झिजला, आणि मग त्यावर नवा गाळ आला. अशा सांध्याला विसंगती म्हणतात. थर दोन्हीकडे समांतर असले तर ती ओळखणं फार कठीण जातं, म्हणून खडबडीत झिजलेला पृष्ठभाग किंवा खालच्या खडकाचे गोटे वरच्या थरात दिसले की लगेच वहीत नोंदवा.

यानंतर जीवाश्म. ठरावीक जीवाश्म ठरावीक थरांतच आणि ठरावीक क्रमानेच येतात हे विल्यम स्मिथने कालवे खणताना, खाणी पाहताना ओळखलं आणि त्या आधारे १८१५ मध्ये इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या काही भागाचा भूवैज्ञानिक नकाशा छापला. आपण वापरायची रीत अशी: एकाच थरातल्या प्रत्येक जीवाश्माची आयुर्मर्यादा कागदावर उभ्या रेघेने काढा आणि सगळ्या रेघा कुठे एकाच वेळी चालू आहेत ते बघा. समजा थरात ट्रायलोबाइट आहे. तो कँब्रियन ते पर्मियन, म्हणजे नुसतं 'पुराजीव' एवढंच कळलं. त्याच थरात अमोनॉइड सापडला. तो डेव्होनियन ते क्रिटेशस. दोघांचा सामाईक काळ डेव्होनियन ते पर्मियन. आता भिंगातून गव्हाच्या दाण्यासारखे फ्युझुलिनिड दिसले तर उत्तर कार्बॉनिफेरस किंवा पर्मियन एवढ्यावर येतं. जो प्राणी कमी काळ जगला पण समुद्रभर पसरला, तो यासाठी सर्वांत उपयोगी. सुंदर जीवाश्म आणि उपयोगी जीवाश्म हे बरेचदा वेगळे असतात.

जीवाश्म उचलून खिशात घालू नका. थरासकट फोटो घ्या, थर वरून-खालून कितवा ते लिहा. थरापासून सुटला की तो शोभेची वस्तू होतो, आणि कड्याच्या पायथ्याशी पडलेला तुकडा तर कुठल्या थरातला हे कोणीच सांगू शकत नाही.

रेषा नेमकी कुठे

एकोणिसाव्या शतकात ज्याने त्याने आपापल्या भागातले खडक पाहून कल्पांना नावं दिली, आणि हद्दी एकमेकांवर चढल्या. ॲडम सेजविकचा कँब्रियन आणि रॉडरिक मर्चिसनचा सिल्युरियन हे दोन्ही १८३५ मध्ये जाहीर झाले, आणि मधल्या थरांवर दोघांनीही हक्क सांगितला. जुने सहकारी असे दुरावले. वाद सुटला तो चार्ल्स लॅपवर्थने १८७९ मध्ये त्या मधल्या थरांना ऑर्डोव्हिसियन हा स्वतंत्र कल्प दिला तेव्हा, आणि त्यासाठी त्याला ग्रॅप्टोलाइट या जीवाश्मांचा आधार मिळाला.

असे वाद टाळण्यासाठी आता एक पक्की पद्धत आहे. आंतरराष्ट्रीय स्तरविज्ञान आयोग प्रत्येक रेषेसाठी जगातला एकच कडा आणि त्यातला एकच बिंदू निवडतो. त्याला बोलीत 'सोनेरी खिळा' म्हणतात. खिळा फक्त खालच्या सीमेला ठोकतात. वरची सीमा म्हणजे पुढच्या एककाची खालची सीमा. त्यामुळे दोन एककांत फटही राहत नाही आणि हद्दीही चढत नाहीत. पहिला खिळा १९७२ मध्ये आत्ताच्या चेक प्रजासत्ताकातल्या क्लोंक इथे, सिल्युरियन-डेव्होनियन सीमेला ठोकला गेला.

मीशानचा कडा जरा जवळून पाहू. चीनच्या झेजियांग प्रांतातल्या या जागी पर्मियन-ट्रायासिक सीमेचा खिळा २००१ मध्ये मान्य झाला. थरांना क्रमांक दिलेले आहेत. २५ क्रमांकाचा थर ज्वालामुखीच्या राखेची फिकट माती. महाविनाश या पातळीला सुरू होतो, खालचे कितीतरी जीव इथे संपतात. त्यावर २६ क्रमांकाची गडद माती, मग २७ क्रमांकाचा सुमारे १६ सेंटिमीटरचा चुनखडक, आणि त्यावर २८ क्रमांकाचा पुन्हा राखेचा थर. खिळा कुठे असेल? महाविनाशाच्या पातळीवर नाही. तो आहे २७ व्या थराच्या मधोमध, '२७ क' म्हणतात त्या पट्ट्याच्या तळाशी, जिथे हिंडेओडस पार्व्हस नावाच्या कोनोडोंटचे, म्हणजे आता नामशेष झालेल्या एका समुद्री प्राण्याचे, दात पहिल्यांदा दिसतात. हे दात भिंगाखालीच दिसतील एवढे बारीक.

मरणाच्या थराऐवजी जन्माचा थर का, हे विद्यार्थी दर वर्षी विचारतात, आणि विचारायलाच हवं. एखादी प्रजाती नाहीशी दिसते तेव्हा ती खरोखर संपली की तिचे अवशेष तेवढे मिळाले नाहीत, हे सांगणं अवघड असतं. दुर्मीळ जीवांच्या बाबतीत तर ते हमखास फसवं. झपाट्याने समुद्रभर पसरलेल्या नव्या प्रजातीचा पहिला ठसा दूरदूरच्या खडकांत ताडून पाहता येतो. पण नियम आंधळेपणाने लावत नाहीत. क्रिटेशस-पॅलिओजीन सीमेचा खिळा ट्युनिशियातल्या एल केफला, गंजाच्या रंगाच्या काही मिलिमीटर थराच्या तळाशी आहे. त्या थरात इरिडियम हा धातू भरपूर आहे, कारण तो लघुग्रहाच्या आघाताचा धुरळा आहे. तो जगभर एकाच वेळी खाली बसला, मग त्याच्यापेक्षा चांगली खूण कोणती?

खिळा दगडातच हवा असंही नाही. होलोसीनचा खिळा ग्रीनलंडच्या हिमस्तरातून खणून काढलेल्या बर्फाच्या लांब दांड्यात, १,४९२.४५ मीटर खोलीवर आहे. वय इसवी सन २००० च्या आधी ११,७०० वर्षं. होलोसीनमधल्या शेवटच्या एजचा, मेघालयनचा, खिळा २०१८ मध्ये मान्य झाला तो मेघालयातल्या मॉम्लुह गुहेतल्या चुन्याच्या एका स्तंभात. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पाऊस कमी झाल्याची खूण त्याच्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांत (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणात) आहे. जुरासिक-क्रिटेशस सीमेला मात्र सर्वमान्य खूण सापडलेली नाही, खिळाही नाही. आकड्याआधी ती लहरी रेघ आली ती त्यामुळे.

वय कसं येतं

जीवाश्म वय सांगत नाहीत, क्रम सांगतात. वर्षं मिळतात किरणोत्सर्गातून, आणि त्यासाठी सर्वांत विश्वासू खनिज झिर्कॉन. वितळलेल्या खडकातून झिर्कॉनचा स्फटिक बनताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळजवळ घेतच नाही. पुढे आत सापडलेलं शिसं युरेनियमच्या क्षयातूनच आलेलं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) ४४६.८ कोटी वर्षं, युरेनियम-२३५ चं ७०.४ कोटी. एकाच दाण्यात दोन स्वतंत्र घड्याळं! दोघांचं वय जुळलं तर विश्वास ठेवा, जुळलं नाही तर दाण्यातून शिसं निसटलं आहे का ते पाहा. मीशानच्या राखेतल्या झिर्कॉनमध्ये उरलेल्या दर १,००० युरेनियम-२३८ अणूंमागे शिसे-२०६ चे सुमारे ४० अणू मिळतात. त्यावरून २५ कोटी १९ लाख वर्षं येतात. खिळा २७ व्या थरात आणि राख २५ व २८ मध्ये, म्हणून खाली-वरच्या राखांची वयं काढून मधल्या बिंदूचं वय बसवतात.

दोन गोष्टी इथे जपा. वालुकाश्मात झिर्कॉन मिळाला तर त्याचं वय वालुकाश्माचं नव्हे, तो दाणा जिथून वाहून आला त्या मूळ खडकाचं. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचे ४४० कोटी वर्षांचे दाणे सुमारे ३०० कोटी वर्षांच्या गाळाच्या खडकात आहेत. दुसरं, कार्बन-१४ ची पद्धत या कामाची नाही. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, त्यामुळे सुमारे ५० हजार वर्षांच्या पलीकडे मोजण्यासारखं काही उरत नाही.

कँब्रियनच्या आधीच्या काळात उपयोगी जीवाश्म फारसे नाहीत. म्हणून तिथे बहुतेक रेषा सरळ पूर्णांकात ठरवल्या आहेत: २५० कोटी, १६० कोटी, १०० कोटी. तक्त्यात एवढे गोल आकडे दिसले की ओळखा, इथे खिळा नाही. एडिअकरन कल्प अपवाद. त्याचा खिळा २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फ्लिंडर्स पर्वतरांगेत, हिमयुगाच्या गाळावर बसलेल्या कार्बोनेट खडकाच्या तळाशी ठोकला गेला.

तक्ता बदलतो तेव्हा

बदल दोन प्रकारचे असतात, त्यांची गल्लत करू नका. कँब्रियनची सुरुवात आधी ५४१.० होती, २०२२ पासून ५३८.८ झाली. रेषा हलली नाही. खिळा न्यूफाउंडलंडच्या फॉर्च्यून हेडमध्येच आहे, १९९२ पासून; नामिबियातल्या राखेच्या थरांची नवी मोजणी आली म्हणून आकडा सुधारला. क्वाटर्नरीचं तसं नाही. २००९ मध्ये त्याची आणि त्यातल्या पहिल्या युगाची, प्लाइस्टोसीनची, सुरुवात १८ लाखांवरून २५.८ लाख वर्षांवर नेली. इथे रेषाच हलवली, आणि ती हलवली माणसांनी, चर्चा आणि मतदान करून.

अँथ्रोपोसीनचं नावही तुम्ही ऐकलं असेल. माणसाच्या प्रभावाचं नवं युग मानून त्याचा खिळा कॅनडातल्या क्रॉफर्ड सरोवराच्या गाळात ठोकावा असा प्रस्ताव होता, विसाव्या शतकाच्या मध्यातल्या अणुचाचण्यांचं प्लुटोनियम ही खूण धरून. मार्च २०२४ मध्ये तो फेटाळला गेला. माणसाने पृथ्वी बदलली याबद्दल कोणाची शंका नव्हती. कालपटात युगाएवढी रेषा ओढायची का आणि ती इतकी अलीकडे का, एवढाच प्रश्न होता. मला हा निर्णय योग्य वाटतो. शब्द म्हणून अँथ्रोपोसीन खुशाल वापरा, पण तक्त्यातलं युग म्हणून लिहू नका. तक्त्यानुसार आपण अजून होलोसीनमध्ये, मेघालयन एजमध्ये आहोत.

आयोगाचा तक्ता फुकट उतरवून घेता येतो. त्यावर आवृत्तीचं वर्ष आणि महिना छापलेला असतो. कुठेही वय लिहाल तेव्हा तो सोबत लिहा, म्हणजे पुढे आकडा सुधारला तरी तुम्ही कुठला तक्ता पाहिला होता हे वाचणाऱ्याला कळेल.